ठसा शेवटी बघा : जर्मन सैनिकाचा काटा-चमचा कसा ओळखायचा

दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तूंचे ऑनलाइन लिलाव चाळायला लागलात, की बिल्ले, हेल्मेटं आणि पट्ट्यांच्या बकलांच्या गर्दीत एक साधी वस्तू हटकून दिसते. काटा आणि चमचा यांच्या दांड्या रिव्हेटनं एकमेकींना जोडलेल्या, काटा उलटा फिरवला की चमच्याच्या खोलगट भागात जाऊन बसतो, मिटल्यावर लांबी जेमतेम वीतभर. शेजारी शेजारी अशा दोन वस्तू विक्रीला असतात. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हींच्या वर्णनात ‘अस्सल’ आणि ‘दुर्मीळ’ हे शब्द असतात, आणि एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असते. इतिहासाची आवड असलेला साधा वाचक इथे गोंधळतो. मग तो काय करतो? जिच्यावर गरुडाचा, म्हणजे पायांत स्वस्तिक धरलेल्या नाझी राजचिन्हाचा, ठसा आहे ती घेतो.

फसवणूक बहुतेक वेळा इथेच होते. वस्तूवरच्या सगळ्या खुणांमध्ये ठसा हा बनवायला सर्वांत सोपा. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी रचना बघा, मग धातू, मग झीज, आणि ठसा शेवटी वाचा. पहिल्या तिघांशी त्याचं जुळत असेल तरच त्याला किंमत द्या.

सैनिक जेवायचा कसा?

नाझी राजवटीतल्या जर्मन लष्कराचं नाव वेरमाख्ट. १९३५ ते १९४५ या काळात भूदल, नौदल आणि हवाईदल मिळून हे नाव होतं. यातला पायदळाचा सैनिक आघाडीवर ताटात जेवत नसे. त्याच्याकडे १९३१ च्या नमुन्याचा, घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा, झाकणाचा डबा असे. मागून येणारी चाकांवरची भटारखान्याची गाडी, जिला सैनिक थट्टेनं ‘गुलाश तोफ’ म्हणत, ती या डब्यात एकच पदार्थ ओतायची. बटाटे, डाळी, भाज्या आणि मिळालं तर मांस, असं सगळं एकत्र शिजवलेलं दाट कालवण. खोल डब्यातलं कालवण खायला मुख्यतः चमचा लागतो. काटा लागलाच तर मांसाच्या तुकड्याला. पाव कापायला बहुतेकांच्या खिशात स्वतःचा चाकू असेच.

या सवयीतून वस्तूचा आकार ठरला. कमरेच्या पट्ट्याला लटकवलेल्या कापडी झोळीत पाव, चरबीची डबी, टोपी अशा सटरफटर वस्तूंबरोबर चमचा कोंबायचा, तर तो लहान हवा आणि त्याचे दात कापडात अडकायला नकोत. म्हणून घडीचा काटा-चमचा. ही युक्ती नाझींच्या काळात निघालेली नाही. पहिल्या महायुद्धातले जर्मन सैनिकही असेच घडीचे काटे-चमचे वापरत होते, इतर काही देशांच्या सैन्यांतही तसेच होते, आणि गिर्यारोहक, स्काउट यांच्यासाठी असलेच काटे-चमचे दुकानांत विकले जात. हे लक्षात ठेवा, कारण केवळ आकारावरून ‘हा वेरमाख्टचा’ असं म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार चार नगांचा संच. चमचा, काटा, सुरी आणि डबा उघडायचं हत्यार. हे चारही एकमेकांत सरकवून एकच चपटा जुडगा होतो. सैनिकाजवळच्या राखीव शिध्यात डबाबंद मांस असायचं, त्यामुळे डबा उघडायची सोय त्यात आली. संग्राहक या संचासाठी जास्त पैसे मोजतात आणि त्यातही चारही नगांवर एकाच कारखान्याची आणि एकाच वर्षाची खूण असली तर आणखी जास्त. पण बाजारात येणारे कितीतरी संच नंतर जुळवलेले असतात, चमचा एकीकडचा आणि सुरी दुसरीकडची. हे जुळवणं विक्रेत्यानंच केलेलं असेल असं नाही. आघाडीवर चमचा हरवलेल्या सैनिकानं दुसऱ्याचा उचलला, असंही सहज झालेलं असेल. वस्तू खरीच, फक्त ‘एकसंध संच’ म्हणून तिची किंमत लावणं चूक.

तिसरा प्रकार छावणीतल्या भोजनगृहाचा. नेहमीच्या लांबीचे, न मिटणारे काटे-चमचे, आपल्या एखाद्या कँटीनमध्ये असतात तसे. हे सैनिकाबरोबर आघाडीवर जाण्यासाठी नव्हतेच. तरी विकताना त्यांनाही बिनदिक्कत ‘फील्ड’ म्हटलं जातं.

धातू काय सांगतो

हातात घेतल्याबरोबर वजन कळतं. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचा चमचा हाताला अगदी हलका लागतो. युद्धाआधीचे आणि सुरुवातीचे बरेच घडीचे काटे-चमचे अ‍ॅल्युमिनियमचे होते. स्वस्त, हलके, न गंजणारे. पण विमानंही अ‍ॅल्युमिनियमचीच बनतात. युद्ध पुढे सरकलं तशी विमानांची मागणी वाढली आणि सैनिकाच्या डब्यापासून चमच्यापर्यंत अनेक वस्तू पोलादाकडे वळल्या. ही सरसकट तारीख पाळून झालेली गोष्ट नाही. जुना साठा संपेपर्यंत वापरात राहिला, दोन्ही प्रकार बरोबर चालले.

चमच्यांच्या बाबतीत पोलाद म्हणजे न गंजणारं पोलाद, आपलं स्टेनलेस स्टील. एसेन शहरातल्या क्रुप कंपनीनं १९१२ मध्ये क्रोमियम आणि निकेल मिसळलेल्या अशा पोलादाचं पेटंट घेतलं. ‘व्ही-टू-ए’ हे त्याचं नाव जर्मनीत आजही ऐकू येतं. चमच्यांवर ‘रोस्टफ्राय’ असा शब्द दिसतो, त्याचा अर्थ इतकाच की हे गंजत नाही. हा शब्द युद्धाआधी होता, युद्धात होता आणि आजही जर्मन सुऱ्यांवर असतो. त्यावरून काळ ठरत नाही.

निकेल आणि क्रोमियम या दोन्ही धातूंसाठी जर्मनी बाहेरच्या देशांवर अवलंबून होता. निकेल मुख्यतः फिनलंडमधल्या पेत्सामोच्या खाणींतून, क्रोमियम तुर्कस्तानातून. तुर्कस्ताननं एप्रिल १९४४ मध्ये ही निर्यात थांबवली, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पेत्सामो सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेलं. रणगाड्याच्या चिलखताला आणि विमानाच्या इंजिनाला जे मिश्रधातू हवेत, ते चमच्यात किती घालायचे हा प्रश्न साहजिकच होता.

इथे घरातलं एक साधन उपयोगी पडतं : लोहचुंबक. क्रोमियमबरोबर पुरेसं निकेल असलेल्या पोलादाला चुंबक सहसा धरत नाही. निकेल नसलेल्या, फक्त क्रोमियमच्या पोलादाला तो घट्ट चिकटतो. अ‍ॅल्युमिनियमला अर्थातच चिकटत नाही, पण रिव्हेट पोलादाची असली तर तेवढ्याच जागी चिकटतो. चुंबक चिकटला म्हणजे नकली, असा समज मी पुष्कळ ठिकाणी वाचला आहे. त्याला काहीही आधार नाही. सुरीचं पातं तर जवळजवळ नेहमीच चुंबकाला धरतं, कारण धार टिकायला जे कठीण पोलाद लागतं ते निकेलचं नसतं.

सराफाकडचं कॅरट तपासायचं यंत्र वापरलं तर? ते क्ष-किरणांवर चालतं आणि पोलादातलं क्रोमियम, निकेल किती ते सांगू शकतं. पण १९४१ चं आणि १९६१ चं पोलाद बऱ्याचदा सारखंच असतं. यंत्र धातू सांगेल, वर्ष सांगणार नाही.

भांड्यावरचं नाव

आपल्या घरांतलं स्टीलचं पातेलं उलटं करून बघा. बुडाशी कंपनीचा छाप असतो, तो कारखान्यातच उमटलेला. आणि कडेला दुकानदाराकडून टोचून घेतलेलं नाव असतं, कधी ‘सप्रेम भेट’ आणि तारखेसह. पहिली खूण सांगते कोणी बनवलं, दुसरी सांगते कोणाचं आहे. लग्नाची भांडी मिसळली की आपण दुसरी खूण बघतो. जर्मन सैनिकी काटा-चमचाही असाच वाचायचा असतो. एक खूण करणाऱ्याची, एक मालकाची. मालक कधी सरकार, कधी खुद्द सैनिक.

करणाऱ्याची खूण बहुधा दोन-तीन अक्षरं आणि पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे अशी असते, ३९, ४१, ४२ वगैरे. गाइसलिंगनची डब्ल्यूएमएफसारखी मोठी कंपनी आपला पूर्ण व्यापारी छाप वापरायची. पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगन शहराचं नाव सुरीवर दिसलं तर नवल नाही. त्या नावाला १९३८ मध्ये खास कायद्यानं संरक्षण मिळालं, म्हणजे बाहेरच्या कोणी ते सुरीवर टाकायचं नाही. पण झोलिंगनच्या सुऱ्या जगभर विकल्या गेल्या आहेत, आपल्याकडच्या जुन्या न्हाव्यांचे वस्तरेसुद्धा कित्येकदा तिथलेच असत. शहराच्या नावावरून सैनिकी काही सिद्ध होत नाही.

युद्धाच्या उत्तरार्धात कपडे आणि इतर साहित्यावर कारखान्याच्या नावाऐवजी एक आकडा यायला लागला. शून्यानं सुरू होणारा, मधे तिरक्या रेषा असलेला लांबलचक क्रमांक. याला राइशबेट्रीब्सनुमर म्हणतात, म्हणजे सरकारनं प्रत्येक कारखान्याला दिलेला नोंदणी क्रमांक. शत्रूच्या हाती वस्तू पडली तरी ती कुठे बनली ते कळू नये, हा त्याचा एक उपयोग. १९३९ चा ठसा आणि सोबत असा क्रमांक एकाच चमच्यावर दिसला, तर विक्रेत्याला प्रश्न विचारायलाच हवा.

सरकारी मालकीच्या खुणा मुख्यतः छावणीतल्या काटे-चमच्यांवर सापडतात. हवाईदलाच्या वस्तूंवर ‘एफ-एल यू व्ही’ ही अक्षरं, म्हणजे वायुसैनिकांच्या निवासव्यवस्थेचं खातं. भूदलाच्या वस्तूंवर ‘एच यू’, भूदलाची निवासव्यवस्था. नौदलाच्या वस्तूंवर गरुडाखाली ‘एम’. गरुडही एकसारखा नसतो. भूदलाचा पंख ताठ पसरून स्थिर बसलेला, हवाईदलाचा तिरका झेपावणारा. भूदलाची अक्षरं आणि हवाईदलाचा गरुड एकत्र दिसले, तर ठसा मारणाऱ्यानं अभ्यास अर्धवट केला आहे.

आणि आता एक आश्चर्याची गोष्ट. आघाडीवर गेलेल्या बहुतेक घडीच्या काट्या-चमच्यांवर स्वस्तिकाचं चिन्ह नसतंच. कारखान्याची अक्षरं आणि वर्ष, संपलं. विक्रेत्यांना हे आवडत नाही, कारण चिन्हाला भाव मिळतो.

काही खुणा उलट बाजूनं उपयोगी पडतात, म्हणजे वस्तू कुठल्या काळातली नाही ते सांगतात. ‘डीआरजीएम’ आणि ‘डीआरपी’ ही अक्षरं जुन्या जर्मन राइशच्या नोंदणीची आणि पेटंटची आहेत. पश्चिम जर्मनी निर्माण झाल्यावर त्यातलं ‘आर’ जाऊन ‘बी’ आलं, ‘डीबीजीएम’ आणि ‘डीबीपी’. ‘बी’ दिसला की वस्तू युद्धानंतरची, वाद नाही. इंग्रजीत ‘मेड इन जर्मनी’ लिहिलेलं दिसलं, तर ती निर्यातीसाठी बनलेली वस्तू. जर्मन सैनिकाला स्वतःच्या देशाचं नाव इंग्रजीत वाचायची काय गरज?

आकडे वाचतानाही सांभाळा. जर्मन काट्या-चमच्यावर ‘९०’ दिसलं की काही जण १८९० म्हणून मोकळे होतात. तो आकडा चांदीच्या मुलाम्याचा आहे. बारा काटे आणि बारा चमचे मिळून ९० ग्रॅम चांदी चढवली, असा त्याचा अर्थ. ‘८००’ च्या शेजारी चंद्रकोर आणि मुकुट असला तर ती खरी चांदी, हजारात ८०० भाग. ही पद्धत जर्मनीत १८८८ पासून आहे. दोन्ही गोष्टी सुखवस्तू घरांतल्या किंवा अधिकाऱ्यांच्या टेबलावरच्या. खंदकातल्या चमच्याशी त्यांचा संबंध नाही.

‘ठसा आहे, मग खरीच असणार ना?’

इथे आपण मुद्द्यावर आलो. जुना, अस्सल, १९४० च्या सुमाराचा साधा जर्मन चमचा युरोपातल्या जुन्या बाजारात किरकोळ किमतीला मिळतो. त्यावर एक पोलादी ठसा आणि हातोडा वापरला की दोन मिनिटांत तो ‘सैनिकी’ होतो. धातू खरा, वय खरं, आकार खरा, फक्त ठसा कालचा. अशी वस्तू धातूच्या कोणत्याही परीक्षेत उत्तीर्ण होईल. एसएस या कुप्रसिद्ध संघटनेच्या दोन वीजरेखा मारलेले काटे-चमचे हा या धंद्याचा लाडका माल. अशा वस्तूंना भाव सर्वाधिक, म्हणून नकलाही सर्वाधिक. माझा स्वतःचा नियम असा, की असा ठसा दिसला तर खरेपणाचा पुरावा मागायची जबाबदारी विकणाऱ्याची. त्यानं तो दिला नाही तर विषय संपला.

मग ठसा कालचा की ऐंशी वर्षांपूर्वीचा, हे कसं कळणार? ओरखड्यांच्या क्रमावरून. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोनार डोळ्याला लावतात तसलं चालेल. वर्षानुवर्षं वापरलेल्या चमच्याच्या दांडीवर शेकडो बारीक ओरखडे असतात. ठसा कारखान्यातच मारला असेल, तर हे ओरखडे नंतर पडले. म्हणजे ते ठशाच्या कडांवरून जातात, अक्षरांच्या काठाला बोथट करतात, खळग्याच्या तळापर्यंत मात्र सहसा पोचत नाहीत. ठसा नंतर मारला असेल, तर उलट दिसतं. अक्षर ओरखड्यांना मधेच कापतं. ओरखडा येतो, अक्षराच्या काठाशी तुटतो, पलीकडे पुन्हा सुरू होतो, आणि अक्षराचा काठ मात्र नव्यासारखा धारदार असतो.

दुसरी गोष्ट काठाच्या उंचीची. ठसा मारताना धातू दाबला जातो आणि बाजूला सरकतो, त्यामुळे अक्षराभोवती किंचित उंचवटा येतो. कारखान्यात ठसा मारल्यावर चमच्याला शेवटचं घासकाम झालेलं असेल तर हा उंचवटा निघून गेलेला असतो. तयार चमच्यावर घरी हातोडी मारली तर तो राहतो, बोटाच्या पेरालाही जाणवतो. चमच्याच्या मागच्या बाजूला त्याच जागी फुगवटा आला असेल तर संशय आणखी वाढवा. लेझरनं कोरलेला ठसा वेगळाच दिसतो. सरळ उभ्या कडा, तळाशी समांतर बारीक रेघा किंवा काळपट भाजलेपण.

हे बघायला फोटो पुरत नाही, अशी हरकत कोणी घेईल. बरोबर आहे. पण विक्रेत्याकडून ठशाचा अगदी जवळून, तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागता येतो. जो देत नाही, त्याच्याकडून घ्यायचं कशाला?

हाताची झीज

ठशापेक्षा मला जास्त विश्वास झिजेवर वाटतो, कारण ती पैसे देऊन दोन मिनिटांत करून घेता येत नाही. उजव्या हातानं खाणारा माणूस खोल डब्याच्या कडेनं चमचा खरवडतो तेव्हा चमच्याच्या टोकाची एकच बाजू घासली जाते. चमचा खाण्यासाठी धरतो तसा धरला तर ती डावी बाजू. कित्येक वर्षांच्या वापरानं चमच्याचं टोक त्या बाजूला तिरकं होतं. अ‍ॅल्युमिनियमचा चमचा मऊ, त्यामुळे ते लवकर दिसतं. टोक दोन्ही बाजूंनी अगदी एकसारखं झिजलेलं असेल तर ते खाण्यानं झिजलं असण्याची शक्यता कमी, कानशीनं घासलं असण्याची जास्त.

घडीच्या जोडणीतही असंच. रिव्हेटभोवती दोन दांड्या एकमेकींवर फिरून गोलाकार रेघा पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तूत पोलादी रिव्हेट असेल आणि ती बराच काळ ओलीत राहिली असेल, तर रिव्हेटच्या भोवतीचं अ‍ॅल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आले की कमजोर धातूचा बळी जातो. त्या जागी पांढरट भुकटी आणि खड्डे दिसतात. जुनेपणा आणण्यासाठी आम्लात बुडवलेल्या वस्तूवर मात्र खड्डे सगळीकडे सारखे पसरलेले असतात.

तेव्हा कृपा करून मिळालेली वस्तू चिंच, राख किंवा पितांबरी लावून लख्ख करू नका. आपल्या हाताला ती सवय आहे खरी. पण घासणं म्हणजे वर सांगितलेले सगळे ओरखडे पुसणं, आणि आंबट किंवा सोड्यासारखं काही अ‍ॅल्युमिनियमला लावणं म्हणजे तो धातूच खाऊन टाकणं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, लगेच कोरडं करणं. एवढंच.

युद्धानंतरचे जुळे

पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य, बुंडेसवेर, १९५५ मध्ये उभं राहिलं. त्याला काटे-चमचे हवेच होते, आणि जुनी कल्पना चांगली चालली होती. त्यामुळे बुंडेसवेरचा चार नगांचा स्टीलचा संच पाहिला तर तो वेरमाख्टच्या संचाचा धाकटा भाऊ वाटतो. चमचा, काटा, सुरी, डबा उघडायचं हत्यार, सगळं एकमेकांत बसणारं. हे संच लाखांनी बनले, निकामी ठरल्यावर लष्करी सामानाच्या दुकानांत आले आणि भटके लोक ते आजही आनंदानं वापरतात. त्यांच्यावर बहुधा ‘बुंड’ असा ठसा असतो. तो घासून काढला आणि ‘४२’ मारलं की झालं. म्हणून चार नगांच्या संचावर ज्या जागी ठसा असायला हवा, तिथे धातू किंचित खोलगट किंवा जास्त चकचकीत दिसतो का, ते बघा.

बुंडेसवेरचा संच वाईट नाही. जेवायला तोच घ्या, खरं सांगायचं तर.

‘नाझींच्या वस्तू जमवायच्याच कशाला?’

हा प्रश्न टाळून चालणार नाही. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण, कला यांना सवलत आहे. ऑस्ट्रियात १९४७ पासूनचा बंदी कायदा याहून कडक. ईबेनं २००१ मध्येच नाझी वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध आणले. म्हणून जर्मन विक्रेत्यांच्या फोटोंत गरुडाच्या पायाशी असलेलं स्वस्तिक कागदाच्या तुकड्यानं झाकलेलं दिसतं.

माझं मत सांगतो. सत्तेची मिरवणूक करायला बनवलेल्या वस्तू आणि जेवायला बनवलेल्या वस्तू यांत फरक करावा. खंजीर, बिल्ले, नेत्याच्या आद्याक्षरांची चांदी या मिरवण्याच्या वस्तू, आणि त्यांच्यामागे धावणाऱ्यांपैकी काहींना इतिहासापेक्षा मिरवणूकच हवी असते. अ‍ॅल्युमिनियमचा चमचा मात्र धातू कुठून आला, कधी संपला, सैनिक काय खायचा, हे सांगतो. पण तो निरागस आहे असंही समजू नका. हा चमचा खिशात घेऊन माणसं पोलंडमध्ये आणि रशियात शिरली होती, आणि त्या देशांत पुढे काय घडलं ते ठाऊक आहे. एसएसच्या ठशाची, छळछावण्यांशी नातं सांगणारी वस्तू घरात ठेवण्याचं मला तरी एकही चांगलं कारण सुचत नाही. ती संग्रहालयात जावी.

आपल्याकडे असा चमचा येईल कुठून?

अशक्य नाही. उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत भारतीय डिव्हिजन जर्मनांशी थेट लढल्या, आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात दाखवलेल्या शौर्यासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांना तोच क्रॉस ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी मिळाला, मात्र हयात असताना. समोर दोन्ही वेळा जर्मन होते. सर्वच देशांचे सैनिक शत्रूच्या टाकून दिलेल्या वस्तू आठवण म्हणून उचलत, आणि काटा-चमचा तर उपयोगाचीही वस्तू. सातारा, कोल्हापूर, रायगड भागात पणजोबा इटलीत लढून आले असतील, तर त्यांच्या ट्रंकेत असं काही निघू शकतं.

दुसरी वाट थोडी अनपेक्षित आहे. आफ्रिकेत जर्मन आणि इटालियन सैन्यांनी पकडलेल्या भारतीय कैद्यांतून सुभाषचंद्र बोस यांच्या प्रयत्नांनी जर्मनीत एक तुकडी उभी राहिली, जर्मन कागदपत्रांत ‘रेजिमेंट ९५०’. सुमारे तीन हजार माणसं, अंगावर जर्मन लष्कराचाच गणवेश. त्यांच्या झोळीतही जर्मन चमचाच असणार. पण एवढ्यावरून कोणी ‘आझाद हिंदच्या सैनिकाचा’ म्हणून चमचा विकायला आणला, तर कागद मागा. चमच्यावरून ते कळायला मार्ग नाही.

तिसरी कथाही कधी ऐकायला मिळेल, की तेव्हाच्या अहमदनगरला जर्मनांची छावणी होती, तिथला हा चमचा. छावणी होती हे खरं. पण दुसऱ्या महायुद्धात तिथे ठेवलेले जर्मन हे भारतात किंवा आसपास असताना अडकलेले नागरिक होते, व्यापारी, मिशनरी, गिर्यारोहक. त्यांना वेरमाख्टनं काटे-चमचे दिलेले नव्हते.

पणजोबांच्या ट्रंकेतली अशी वस्तू बाळगायला किंवा विकायला भारतात पुरावशेष कायद्याची अडचण येत नाही. १९७२ च्या त्या कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि हा चमचा अजून तेवढा म्हातारा नाही. मात्र तो घरात कसा आला हे सांगणारं जे काही असेल, पलटणीचं पुस्तक, पत्र, फोटो, ते चमच्यापासून वेगळं करू नका.

नाव कोरलेला चमचा

संग्राहकांमध्ये एक विचित्र प्रथा आहे. दांडीवर सैनिकानं टाचणीनं किंवा चाकूच्या टोकानं आपली आद्याक्षरं कोरली असतील, तर काही जण त्याला ‘खराब’ म्हणतात आणि किंमत पाडतात. मला हे समजत नाही. कारखान्याचा ठसा हजारो चमच्यांवर असतो, आद्याक्षरं एकावर.

शिवाय अशा नावाचं काम अजून संपलेलं नाही. जर्मन सैनिकाच्या गळ्यात जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा लंबगोल बिल्ला असे. मधोमध छिद्रांची ओळ. सैनिक मेला की खालचा अर्धा तोडून नोंदीसाठी पाठवायचा, वरचा अर्धा मृतदेहाबरोबर ठेवायचा. पण बिल्ल्यावर नाव नसे. तुकडी, क्रमांक, रक्तगट एवढंच. सोव्हिएत लाल सैन्याची स्थिती आणखी वाईट होती. त्यांच्याकडे काळ्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, कुपीत कागदाची चिठ्ठी असे, ती पाण्यानं कुजायची, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये तर या कुप्याच बंद झाल्या. त्यामुळे रशियातल्या जंगलांत आजही अवशेष शोधणाऱ्या स्वयंसेवकांना नाव मिळतं ते बऱ्याचदा डब्यावर किंवा चमच्यावर खरडलेलं.

यावरून हेही कळेल, की ‘जमिनीतून काढलेला’ म्हणून विकला जाणारा चमचा शक्यतो का घेऊ नये. अनेक देशांत परवानगीशिवाय असं खणणं गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की नाव असलेला चमचा हाडांपासून वेगळा करून विकला, की तो माणूस कायमचा अनामिक होतो. जर्मन युद्धकबरींची काळजी घेणारी फोल्क्सबुंड ही संस्था १९१९ पासून आहे आणि पूर्व युरोपात तिचं उत्खनन अजून चालू आहे.

तुमच्याकडच्या चमच्यावर पूर्ण नाव किंवा क्रमांक असेल, तर बर्लिनमधल्या संघीय अभिलेखागाराला, म्हणजे बुंडेसआर्काइवला लिहिता येतं. जर्मन सैनिकांच्या बिल्ल्यांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी सांभाळणारं जुनं कार्यालय २०१९ पासून त्यात विलीन झालं आहे. नुसत्या आद्याक्षरांवरून त्यांना काही करता येणार नाही. पत्रात अक्षरं जशी दिसतात तशीच उतरवा, अंदाजानं पूर्ण करू नका. चमचा कुठून आला ते गावाच्या नावासह लिहा. फोटो तिरक्या उजेडात काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि चमच्याची मागची बाजूही पाठवा.